अलमट्टीचं पाणी सांगलीपर्यंत फुगतं का? संगणकात नदी कशी 'वाहते', समजून घ्या

दर जुलैला सीमाभागात बातम्यांचा एक ठरलेला क्रम असतो. आधी कल्लोळ-यडूर बंधारा पाण्याखाली जातो. मग मलिकवाड-दत्तवाड, पाठोपाठ कारदगा-भोज आणि सदलगा-बोरगाव. नृसिंहवाडीत दत्त मंदिरात पाणी शिरतं, कोल्हापूरचा राजाराम बंधारा किती फुटांवर आहे याचे मेसेज सुरू होतात आणि त्या पाठोपाठ जुना प्रश्न पुन्हा वर येतो: अलमट्टीने पाणी अडवलं म्हणून हे झालं का?

महाराष्ट्रात या प्रश्नाचं उत्तर 'होय' असं गृहीत धरून आंदोलनं होतात. कर्नाटकात 'नाही' असं गृहीत धरून धरणाची उंची वाढवण्याची तयारी चालते. मधल्या गावांना, मग ती शिरोळ तालुक्यातली असोत की चिकोडी-अथणीतली, पाणी दोन्हीकडून सारखंच भिजवतं. पाण्याला राज्याची हद्द कळत नाही, असं म्हणून विषय सोडून देणं सोपं आहे. पण या प्रश्नाचं उत्तर शोधायची एक शास्त्रीय पद्धत आहे. तिला जलप्रारूप किंवा सरळ भाषेत 'कॉम्प्युटर मॉडेल' म्हणतात आणि हे काम करणाऱ्या देशातल्या प्रमुख संस्थेचं एक केंद्र खुद्द बेळगावात आहे.

बेळगावातलं केंद्र, रुरकीची संस्था

राष्ट्रीय जलविज्ञान संस्था ही केंद्र सरकारच्या जलशक्ती मंत्रालयाच्या अखत्यारीतली संस्था. तिची स्थापना डिसेंबर १९७८ मध्ये झाली, मुख्यालय उत्तराखंडात रुरकीला. देशाच्या वेगवेगळ्या भागांत पाण्याचे प्रश्न वेगळे, म्हणून संस्थेने प्रादेशिक केंद्रे काढली. त्यांपैकी बेळगावचं केंद्र १९८७ मध्ये सुरू झालं. त्याच्या नावातच 'कठीण खडक' आहे, कारण दख्खनच्या पठारावर जमिनीखाली वाळू-गाळ नाही, काळा पाषाण आहे.

घटप्रभा आणि मलप्रभा खोरी, पश्चिम घाटातल्या नद्या, विहिरी-बोअरचं पाणी हे या केंद्राच्या कामाचे विषय. बेळगावकरांपैकी अनेकांना हे केंद्र शहरात आहे याचीही कल्पना नसते.

महाराष्ट्रात याच क्षेत्रातली त्याहून जुनी संस्था पुण्याजवळ खडकवासल्याला आहे: केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने ते सुरू केलं, तेव्हा बेळगावही त्याच इलाख्यात होतं. तिथे धरणं, बंदरं, नद्यांच्या लहान प्रतिकृती मोकळ्या जागेत बांधून त्यांत खरं पाणी सोडून पाहिलं जातं. आजही हे चालतं, पण शेकडो किलोमीटरची नदी, तिच्या पाच-सहा उपनद्या आणि डझनभर धरणं आवारात बांधता येत नाहीत. तिथे संगणक लागतो.

मॉडेल म्हणजे नेमकं काय?

मॉडेल म्हणजे भविष्य सांगणारं यंत्र नव्हे. तो पाण्याचा जमाखर्च आहे. गावातला सोसायटीचा सचिव जसा किती आले, किती गेले, शिल्लक किती याचा ताळा मांडतो, तसाच ताळा संगणक नदीच्या प्रत्येक तुकड्यासाठी, दर काही मिनिटांना मांडतो.

हे काम दोन टप्प्यांत होतं.

पहिला टप्पा पावसाचा. आकाशातून पडलेल्या पाण्यापैकी किती मुरलं, किती वाफ होऊन गेलं आणि किती ओढ्याला लागलं? जूनच्या पहिल्या पावसात जमीन तहानलेली असते, पाणी गिळते. ऑगस्टमध्ये तीच जमीन तुडुंब असते, पडेल ते सगळं वाहून जातं. म्हणून तेवढाच पाऊस जूनमध्ये पडला तर ओढासुद्धा भरत नाही आणि ऑगस्टमध्ये पडला तर पूर येतो. जमीन काळी की तांबडी, वर जंगल की ऊस की सिमेंटचे रस्ते, यावरही हिशोब बदलतो. अमेरिकेच्या कृषी खात्याशी जोडलेल्या शास्त्रज्ञांनी बनवलेलं 'स्वॅट' हे मॉडेल या कामासाठी जगभर वापरलं जातं.

दुसरा टप्पा नदीचा. ओढ्यांतून आलेलं पाणी पात्रात कसं सरकतं, कुठे किती उंच चढतं, कुठे काठ ओलांडतं? यासाठी अमेरिकन लष्कराच्या अभियंता दलाचं 'हेक-रास', डेन्मार्कच्या डीएचआय संस्थेचं 'माईक' अशी मॉडेल्स आहेत. त्यांच्या पोटात चालणारी गणितं मात्र जुनी आहेत. सेंट-व्हेनंट या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८७१ मध्ये मांडली. हाताने सोडवायला ती जवळजवळ अशक्य होती, संगणकाने ती शक्य केली.

टीएमसी आणि क्युसेक: आधी हे गणित पक्कं करा

बातम्यांत दोन शब्द सतत येतात. क्युसेक म्हणजे वेग: दर सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. टीएमसी म्हणजे साठा: शंभर कोटी घनफूट. या दोघांना जोडणारा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. ११,५७४ क्युसेकने पाणी अखंड २४ तास वाहिलं की एक टीएमसी होतं.

आता हे अलमट्टीला लावून पाहू. धरणाची क्षमता सुमारे १२३ टीएमसी. २०१९ च्या महापुरात अलमट्टीतून पाच लाख क्युसेकपेक्षा जास्त विसर्ग झाला. पाच लाख क्युसेक म्हणजे दिवसाला ४३ टीएमसी. या वेगाने पाणी येत असेल तर पूर्ण रिकामं अलमट्टीसुद्धा तीन दिवसांच्या आत भरेल. धरणात २० टीएमसी जागा मोकळी ठेवली असेल तर ती जेमतेम अकरा तास पुरेल.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, ऐन महापुरात धरण मोकळं करायला सुरुवात करून काही होत नाही. जागा आधीच, अंदाज पाहून करायला हवी. दोन, कोयना (सुमारे १०५ टीएमसी), वारणा (सुमारे ३४ टीएमसी), राधानगरी (साडेआठ टीएमसीच्या आत) या वरच्या धरणांचं वेळापत्रकही तेवढंच महत्त्वाचं आहे. त्यांचे दरवाजे एकाच वेळी उघडले आणि मधल्या भागात पाऊसही सुरू असला, तर सगळे लोंढे खाली एकत्र भेटतात. कोणता लोंढा कुठे, किती वाजता पोहोचेल हे सांगणं, हेच मॉडेलचं मुख्य काम.

फुगवट्याचा प्रश्न: वरवरचं उत्तर पुरत नाही

आता मूळ वाद. अलमट्टीची पूर्ण साठा पातळी सध्या समुद्रसपाटीपासून ५१९.६ मीटर. सांगली शहर साधारण ५५० मीटरच्या आसपास आणि नदीमार्गे धरणापासून दोनशे किलोमीटरहून दूर. कर्नाटकची बाजू मांडणारे म्हणतात, खालचं पाणी वर चढणार कसं? स्थिर पाण्यापुरतं हे बरोबर आहे. तळ्याचा पृष्ठभाग सपाट असतो.

पण पुरात पाणी स्थिर नसतं. नदी वेगाने येते आणि जलाशयाच्या तोंडाशी तिचा वेग मंदावतो. पुढचं पाणी सरकत नाही म्हणून मागचं तुंबतं. टोलनाक्यावर एक लेन बंद झाली की रांग मागे मागे वाढत जाते, तसंच. त्यामुळे पुराच्या पाण्याचा पृष्ठभाग जलाशयापासून वरच्या दिशेने चढत जाणारी एक वक्र रेषा असते. यालाच फुगवटा म्हणतात. तो जलाशयाच्या सपाट पातळीपेक्षा लांबपर्यंत जातो, हे महाराष्ट्राच्या बाजूचं म्हणणंही शास्त्राला धरून आहे.

म्हणजे खरा प्रश्न फुगवटा असतो की नाही हा नाही. तो किती लांब जातो आणि तिथे पाणी किती चढवतो, हा आहे. शिरोळला दोन इंच की दोन फूट? याचं उत्तर घोषणेत मिळत नाही, अंदाजानेही मिळत नाही. ते मोजावंच लागतं.

मधली परिस्थिती गुंतागुंतीची आहे. अलमट्टीच्या वर हिप्परगीचा बंधारा आहे, त्याच्याही वर महाराष्ट्रातला शेवटचा राजापूर बंधारा. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, सांगलीजवळ हरिपूरला वारणा, पुढे दूधगंगा. घटप्रभा तर थेट अलमट्टीच्या जलाशयातच येऊन मिळते. एका नदीला पूर आला की ती दुसरीची वाट अडवते. कृष्णा भरलेली असेल तर पंचगंगेला शिरायला जागा राहत नाही आणि कोल्हापुरात पाणी उतरत नाही. अलमट्टी नसतं तरी हे घडतंच. मॉडेलमध्ये यातला प्रत्येक घटक वेगळा काढून पाहता येतो: अलमट्टी ५१९.६ वर ठेवून एकदा, त्याहून दोन मीटर खाली ठेवून एकदा, धरणच नाही असं समजून एकदा. पाऊस तोच, नदी तीच. मग सांगली, शिरोळ, यडूरला पातळीत जो फरक दिसतो, तो धरणाचा वाटा.

आकडे कुठून येतात?

मॉडेल कितीही चांगलं असो, त्यात घातलेली माहिती चुकीची असेल तर उत्तरही चुकीचंच येतं. ही माहिती चार प्रकारची.

पहिली, नदीची आकृती. ठराविक अंतरावर नदी आडवी कापली तर ती कशी दिसेल, याची मोजणी लागते. उपग्रहाने काढलेल्या उंचीच्या नकाशांत काही मीटरची चूक असू शकते. डोंगराळ भागात ती खपून जाते, पण कृष्णाकाठच्या सपाट मळीत एका फुटाने गाव बुडतं की वाचतं हे ठरतं. म्हणून होडीतून खोली मोजणारी यंत्रं घेऊन प्रत्यक्ष पात्रात उतरावं लागतं. वीस वर्षांपूर्वीची मोजणी वापरली तर मधल्या काळात साचलेला गाळ हिशोबात येतच नाही.

दुसरी, पाऊस. इथे सीमाभागाची खास अडचण आहे. कणकुंबी, आंबोली, राधानगरीच्या घाटमाथ्यावर वर्षाला हजारो मिलीमीटर पाऊस पडतो आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरवर अथणी-जतकडे पाच-सहाशे. एवढ्या कमी अंतरात एवढा फरक असताना, घाटातलं एखादं पर्जन्यमापक बंद पडलं तरी लाखो लिटरचा हिशोब हुकतो.

तिसरी, नदीची पातळी आणि प्रवाह. केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रे कृष्णेवर अर्जुनवाड आणि कुरुंदवाडला, वारणेवर समडोळीला, पंचगंगेवर तेरवाडला, दूधगंगेवर सदलग्याला आहेत. या वर्षानुवर्षांच्या नोंदींशिवाय कुठलंच मॉडेल तपासता येत नाही.

चौथी, खडबडीतपणा. १८८९ मध्ये रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याने मांडलेलं सूत्र आजही वापरतात. स्वच्छ, मोकळ्या पात्रासाठी हा आकडा ०.०३ च्या आसपास, तर दाट झाडोऱ्यासाठी ०.१ पर्यंत जातो. आकडा दुप्पट झाला की वेग निम्मा होतो. कृष्णाकाठच्या मळीत पुरुषभर उंच ऊस उभा असतो, पात्रात भराव टाकून बांधलेले पुलांचे रस्ते असतात. पाणी अडतं ते फक्त धरणाने नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे पावसाळ्याआधी काढले की नाहीत, हेही यात मोजावं लागतं.

उत्तर खरं की खोटं, कसं ओळखायचं?

मॉडेलने दिलेलं उत्तर तसंच स्वीकारत नाहीत. आधी एका जुन्या पुराची माहिती घालून मॉडेल जुळवून घेतात. म्हणजे खडबडीतपणा, मुरण्याचं प्रमाण असे आकडे थोडे वर-खाली करून, प्रत्यक्ष नोंदलेली पातळी येते का ते पाहतात. पण एवढ्याने काम संपत नाही. विद्यार्थ्याने पाठ केलेलं गणित सोडवलं म्हणून त्याला गणित येतं असं होत नाही. खरी परीक्षा वेगळ्या पुराची. २००५ च्या पुरावर जुळवलेलं मॉडेल आकड्यांना हात न लावता २०१९ चा पूर बरोबर दाखवतं का?

ही कसोटी अवघड आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ धोका पातळी ४३ फूट. तिथे पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. तीन पूर, तिन्हींचा स्वभाव वेगळा. जे मॉडेल तिन्हींना खरं उतरेल, त्याच्या निष्कर्षाला वजन.

आतापर्यंत काय झालं?

२०१९ च्या महापुरानंतर महाराष्ट्र सरकारने निवृत्त सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने २०२० मध्ये अहवाल दिला. सांगली-कोल्हापूरच्या पुराला अलमट्टी थेट जबाबदार नाही, असा तिचा निष्कर्ष होता. अतिवृष्टी आणि नदीपात्रातले अडथळे यांवर तिने बोट ठेवलं. पूरग्रस्त भागातल्या अनेक कार्यकर्त्यांना आणि निवृत्त अभियंत्यांना तो पटला नाही. पुढे महाराष्ट्राने अलमट्टीच्या परिणामांचा अभ्यास रुरकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेकडे सोपवला.

दरम्यान दुसरा कृष्णा लवाद २०१० मध्येच अलमट्टीची पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याला अनुकूल झाला होता. २०२५ मध्ये कर्नाटकने त्या दिशेने पावलं टाकली, महाराष्ट्राने विरोध नोंदवला. म्हणजे आता प्रश्न ५१९.६ चा राहिलेला नाही, साडेचार मीटर वरच्या पाण्याचा आहे. आणि तिथे भोगणारे फक्त सांगलीकर नाहीत. उंची वाढली तर सर्वांत आधी जमीन जाणार आहे ती बागलकोट-विजयपूर भागातल्या कर्नाटकातल्याच शेतकऱ्यांची.

पूर व्यवस्थापनासाठी महाराष्ट्राने कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत प्रत्यक्ष वेळेत निर्णयाला मदत करणारी संगणक प्रणाली राष्ट्रीय स्तरावरच्या जलविज्ञान प्रकल्पातून उभी केली आहे. पण राजापूरच्या खाली काय चाललंय हे त्या क्षणी कळलं नाही तर कुठलीही प्रणाली अर्धीच राहते. जून २०२१ मध्ये दोन्ही राज्यांत बेंगळुरूला झालेल्या बैठकीचा मुद्दाही हाच होता: पुराच्या काळात माहितीची देवाणघेवाण.

महादईतही हाच धडा

मॉडेलवरून वाद फक्त कृष्णेत नाहीत. खानापूर तालुक्यात उगम पावून गोव्यात जाणाऱ्या महादईचा लवाद पाहा. नदीत मुळात पाणी किती, यावरच राज्यांच्या तज्ज्ञांचे आकडे जुळत नव्हते. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये ७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी १८८.०६ टीएमसी धरलं आणि त्यावर वाटप केलं: गोव्याला २४, कर्नाटकला १३.४२, महाराष्ट्राला १.३३ टीएमसी. '७५ टक्के विश्वासार्हता' म्हणजे शंभरपैकी पंचाहत्तर वर्षी किमान एवढं पाणी मिळेल. उरलेल्या पंचवीस वर्षी मिळणार नाही, हे त्यातच लिहिलेलं असतं, पण भाषणात कुणी सांगत नाही.

पूररेषेचा अर्थ

असाच गैरसमज पूररेषेबद्दल आहे. महाराष्ट्रात निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची मानतात. '२०१९ ला शंभर वर्षांचा पूर येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही' असं पारावर ऐकू येतं. अर्थ तसा नाही. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी एक टक्का शक्यता. तीस वर्षांचं गृहकर्ज काढून लाल रेषेवर घर बांधलं, तर कर्ज फिटेपर्यंत तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे चारात एक.

गावाने काय विचारायचं?

अहवाल कुणाच्याही बाजूने येवो, ग्रामपंचायतीने, पूरग्रस्तांच्या संघटनेने पाच प्रश्न विचारावेत. नदीची मोजणी कोणत्या वर्षाची आहे? मॉडेल कोणत्या पुरावर जुळवलं आणि कोणत्या पुरावर तपासलं? गाळ, पुलांचे भराव आणि उभा ऊस धरला का? हिप्परगी आणि राजापूर दोन्ही बंधारे त्यात आहेत का? आणि आमच्या गावात धरणामुळे पाणी किती इंच चढतं, त्या उत्तरात चुकीला वाव किती?

या पाच प्रश्नांची उत्तरं मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीकडच्या गावांना एकाच वेळी मिळाली, तर दर जुलैचा वाद निदान आकड्यांवर होईल. तोवर एक काम कुणालाही करता येतं. पूर आला की घराच्या भिंतीवर पाण्याची खूण करा, शेजारी तारीख आणि वेळ लिहा. मॉडेल तपासायला आलेल्या माणसाला यापेक्षा मोलाची माहिती क्वचित मिळते.